केनिया सफारीची तयारी: सप्टेंबर, सहा जण, मसाई मारा

मृण्मयी_प
सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून केनियाला जायचे ठरते आहे. आता जानेवारी आहे, म्हणजे हाताशी आठ महिने. आम्ही चार मोठे (त्यात सासूबाई, वय ७१, मधुमेह, इन्सुलिन चालू), मुलगी १३ वर्षांची आणि मुलगा ८ वर्षांचा. एजंटने सात रात्रींचा आराखडा दिला आहे: नैरोबी १, अंबोसेली २, नैवाशा १, नाकुरू १, मारा २. सगळा प्रवास रस्त्याने, गाडी 'सफारी व्हॅन'.

हा आराखडा ठीक आहे का? आणि तयारीत आधी काय, नंतर काय? लसी, व्हिसा, कपडे, पैसे, खाणे, कॅमेरा, काहीही सांगा. जितके बारीक तितके बरे.

रानवाटा
आराखडा बदलून घ्या. सप्टेंबरात जायचे कारणच मारा आहे. विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर तिथे असतात, आणि तुम्ही तिथे दोनच रात्री राहणार. त्यातली पहिली दुपार पोहोचण्यात जाते, शेवटची सकाळ निघण्यात. हातात पूर्ण दिवस उरतो एक.

मारा नदी ओलांडण्याचे वेळापत्रक नसते. कळप काठावर येऊन तीन-चार तास उभा राहतो आणि मागे फिरतो. दुसऱ्या दिवशी भलत्याच ठिकाणी उतरतो. दोन-तीन पूर्ण दिवस असतील तरच वाट पाहण्यात अर्थ आहे. मारा किमान ३ रात्री, जमल्यास ४.

दुसरे, अंतरे बघा. नैरोबी ते अंबोसेली चार-पाच तास. अंबोसेली ते नैवाशा म्हणजे पुन्हा नैरोबीच्या अंगावरून, सहा-सात तास. नाकुरू ते मारा पाच-सहा तास. सात रात्रींत चार लांब प्रवास ७१ वर्षांच्या बाईंना आणि ८ वर्षांच्या मुलाला कशाला?

पाटीलबुवा
रानवाटा, माऱ्याबद्दल सहमत, पण नाकुरू सरसकट कापू नका. गेंडा जवळून आणि जवळजवळ हमखास बघायचा तर नाकुरूच. काळा आणि पांढरा दोन्ही. माऱ्यात काळे गेंडे आहेत, पण थोडे आणि पसरलेले. शिवाय नाकुरू माऱ्याच्या वाटेवर बसवता येते, अंबोसेलीसारखे उलट्या दिशेला नाही.

फक्त फ्लेमिंगोंच्या गुलाबी तळ्याचे जुने फोटो बघून जाऊ नका. तळ्याची पातळी वाढली, पाण्याचा खारटपणा उतरला आणि फ्लेमिंगोंचे मोठे थवे बोगोरियासारख्या तळ्यांकडे गेले.

रानवाटा
बुवा, हे मान्य. मग माझे मत: नैरोबी १, नाकुरू किंवा नैवाशा (दोन्ही नाही, अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर) २, मारा ४. अंबोसेली सोडा.

सोनचाफा
पण अंबोसेली सोडायचे म्हणजे किलिमांजारोच्या पायथ्याचे हत्ती सोडायचे! मुलांना त्याहून सुंदर काय दाखवणार?

रानवाटा
सुंदर आहे, वादच नाही. पण पर्वत दिवसभर ढगात असतो. दिसला तर पहाटे आणि संध्याकाळी. सात रात्रींत अंबोसेली आणि मारा दोन्ही हवे असतील तर एक टप्पा विमानाने करा, नाहीतर नऊ रात्री काढा.

स्टेथो
आरोग्याचे मी लिहितो. यातले सगळे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, विशेषतः सासूबाईंचे.

पिवळा ताप: केनियाहून परतताना भारतात या लसीचे प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून आयुष्यभर चालते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि जागा लवकर भरतात, म्हणून जुलै उजाडू देऊ नका. पिवळ्या पुस्तिकेवरचे (हेच ते प्रमाणपत्र) नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरन्‌अक्षर जुळतो का ते तिथेच उभे राहून तपासा. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. पासपोर्टचे नूतनीकरण करायचे असेल तर ते आधी, लस नंतर.

ही जिवंत लस आहे. मुलांची गोवर किंवा कांजिण्यांची लस राहिली असेल तर ती त्याच दिवशी घ्यावी लागते किंवा चार आठवड्यांचे अंतर ठेवून. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, थायमस ग्रंथीचा विकार यांपैकी काही असेल तर आधी सांगा. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. प्रमाण अगदी कमी आहे, पण ७१ व्या वर्षी 'सगळे घेतात म्हणून' घेण्याची ही लस नव्हे. डॉक्टरांना ती देणे योग्य वाटले नाही तर लेखी वैद्यकीय सूट-पत्र मिळते. मात्र परतल्यावर ते स्वीकारायचे की नाही हे विमानतळावरचे आरोग्य अधिकारी ठरवतात. म्हणून हा निर्णय तिकिटे काढण्याआधी व्हायला हवा.

मलेरिया: माऱ्यात आहे, आणि मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा. तिथे क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी चालत नाही. पर्याय तीन. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर ७ दिवसांपर्यंत. डॉक्सिसायक्लिन रोज, परतल्यावर ४ आठवडे. ८ वर्षांखालच्या मुलांना आणि गर्भवतींना टाळतात, उन्हाने त्वचा भाजते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निदान दोन आठवडे आधीपासून परतल्यावर ४ आठवडे. फिट्स किंवा मानसिक आजाराचा इतिहास असेल तर नाही. मुलांचा डोस वजनावर ठरतो. पहिले औषध आपल्याकडे प्रत्येक दुकानात नसते, महिनाभर आधी सांगून ठेवा.

गिरीश_कोल्हापूर
स्टेथो, कोरड्या मोसमात डास कमी असतात. उंचीही दीड हजार मीटरच्या वर. खूप लोक गोळ्या न घेता जातात.

स्टेथो
गिरीश, डास कमी म्हणजे शून्य नाहीत. मलेरियाचा धोका साधारण अडीच हजार मीटरपर्यंत धरतात, मारा त्याच्या बराच खाली आहे. फाल्सिपेरम काही दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि इथे गटात एक मधुमेही ज्येष्ठ आणि एक लहान मूल आहे. माझे मत ठाम आहे: गोळ्या घ्या. त्याखेरीज २० ते ३० टक्के डीट (डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम, संध्याकाळी पूर्ण बाह्या, मच्छरदाणी.

आणि परतल्यावर तीन महिन्यांत कुणालाही ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मलेरियाची तपासणी, आणि डॉक्टरांना 'आफ्रिकेतून आलोय' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

माधुरी_ताम्हणकर
स्टेथोंना +१. वाचनखूण साठवली आहे.

नैरोबीकर
कागदपत्रे आणि पैसे.

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए (प्रवासाची आगाऊ ऑनलाइन परवानगी) सुरू केले. प्रत्येक प्रवाशाचे वेगळे, लहान मुलांचेही. मूळ शुल्क ३० डॉलर आणि वर किरकोळ आकार. पासपोर्ट परतीनंतर नाही, तर केनियात पोहोचण्याच्या तारखेपासून सहा महिने वैध हवा. पासपोर्टचे पान, फोटो, मुक्कामाचे बुकिंग आणि परतीचे तिकीट अपलोड करावे लागते. निदान तीन दिवस आधी भरायचे असे नियम सांगतो, तुम्ही तीन आठवडे आधी भरा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गो डॉट केई' ने संपतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

कुणी युगांडा, रवांडा जोडणार असेल तर त्या दोन्हीसह केनियाचा १०० डॉलरचा संयुक्त पूर्व आफ्रिका व्हिसा आहे. टांझानिया त्यात नाही.

डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, न फाटलेल्या, शाई न लागलेल्या घ्या. २००९ पूर्वीच्या नोटा बहुतेक ठिकाणी नाकारतात. शिलिंग थोडेच लागतात, डॉलरला सुमारे १३० मिळतात. विमानतळावरच पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचे सिम घ्या, माऱ्याच्या बऱ्याच भागात चालते.

प्लास्टिक: केनियात कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉसुद्धा चालत नाहीत. चपला, कपडे, औषधे कापडी पिशव्यांत भरा. ड्यूटी फ्रीची पिशवी विमानातच सोडा. पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या न्या, कॅम्पात भरून देतात.

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय आणले तर जप्त होते.

कोकणस्थ_कॅमेरा
गाडीबद्दल कुणीच बोलले नाही! मृण्मयीताई, 'सफारी व्हॅन' बदलून लँड क्रूझर घ्या. खर्च वाढतो, पण वाढवण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. दोन्हींचे छत वर उचलले जाते, पण व्हॅन बुटकी आणि बहुधा दोनच चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. माऱ्यात मोठे पट्टे काळ्या चिकण मातीचे आहेत, आपल्या विदर्भात कापसाच्या रानात असते तशीच. सप्टेंबरातही दुपारी सर येते आणि अर्ध्या तासात व्हॅन रुतते. ओढून काढायला दुसरी गाडी येईपर्यंत संध्याकाळ.

एजंटकडून लेखी घ्या: लँड क्रूझर, चारही चाकांना जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह), उघडणारे छत, फक्त तुमच्या कुटुंबासाठी, प्रत्येकाला खिडकी, गाडीत चार्जिंगची सोय. किलोमीटरची मर्यादा नाही. चालक केपीएसजीए या केनियाच्या गाइड संघटनेचा ब्राँझ किंवा सिल्व्हर बिल्लाधारी. कंपनी केएटीओ या तिथल्या टूर ऑपरेटर संघटनेची सभासद आहे का तेही तपासा.

रानवाटा
त्यातच माराचे शुल्क धरले आहे का ते विचारा. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. ९ ते १७ वर्षांना ५०. ८ वर्षे आणि खाली मोफत. म्हणजे तुमचे दिवसाचे ८५० डॉलर, आणि हा आकडा 'पॅकेज'च्या तळटीपेत लपलेला असतो.

तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेपुरते आहे. यातून दोन गोष्टी निघतात. कॅम्प अभयारण्याच्या बाहेर असेल तर पोहोचलेल्या दिवशी संध्याकाळी दोन तासांसाठी आत जाऊ नका, पूर्ण तिकीट जाते. त्या दिवशी आराम करा, आणि पुढचे दिवस जेवणाचा डबा बरोबर घेऊन पहाटेपासून आतच राहा. बाहेरच्या कॅम्पवाल्यांचे तिकीट एकाच प्रवेशाचे असते, जेवायला बाहेर आलात की संपले. कॅम्प आत असेल तर निघायच्या दिवशी सकाळी १० पर्यंत फाटकाबाहेर पडायचे, नाहीतर आणखी एक दिवस लागतो.

विंचुर्णी
कॉन्झर्व्हन्सीचा पर्यायही लिहा ना. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी. मसाई कुटुंबांनी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनी. शुल्क वेगळे, पण रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्रीची सफारी असते, पायी फिरता येते, आणि गाड्या मोजक्या. मुख्य अभयारण्यात यातले काहीही चालत नाही.

पाटीलबुवा
पण विंचुर्णी, नदी ओलांडणे बघायचे तर मुख्य अभयारण्यात किंवा मारा ट्रँगल या पश्चिमेकडच्या भागातच यावे लागते, आणि त्याचे तिकीट वेगळे. सप्टेंबरात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चारही रात्री कॉन्झर्व्हन्सीत काढू नयेत. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी जरूर.

विंचुर्णी
बरोबर. दोन आणि दोन अशी विभागणी करता येते, बजेट असेल तर.

कोकणस्थ_कॅमेरा
कॅमेऱ्याचे. १००-४०० किंवा २००-६०० ची लेन्स पुरे, तिपाई नको. रिकामी बीनबॅग न्या, नैरोबीत दोन-तीन किलो तांदूळ किंवा घेवड्याने भरा, छताच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवा, निघताना धान्य चालकाला द्या. फोटोच्या वेळी इंजिन बंद करायला सांगा. लोक शटरला दोष देतात, फोटो इंजिनाच्या थरथरीने हलतो. धुळीत लेन्स बदलू नका. दोन बॉडी नसतील तर दिवसभर एकच लेन्स लावून ठेवा. प्लग इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे, २४० व्होल्ट. आपले गोल पिनांचे बसत नाहीत. कॅम्पात वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे सहा जणांत दोन ॲडॉप्टर आणि एक छोटा मल्टिप्लग हवाच. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

महाग कॅमेरा असेल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून सिरीयल नंबरसह निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना 'परदेशात घेतला का' हा प्रश्न उरत नाही.

फोटो न काढणाऱ्यांसाठी ८x४२ ची दुर्बीण. सहा जणांत एक पुरत नाही, भांडणे होतात. तीन न्या 🙂

अवंती_जोशी
कपडे. माऱ्यात पहाटे १२-१५ अंश, दुपारी २५ च्या पुढे, आणि उघड्या छतात वारा. म्हणून जाड जॅकेट एक नको, तीन थर हवेत: सुती शर्ट, फ्लीस, वर वाऱ्याला अडवणारे पातळ जॅकेट. कानटोपी पहाटेसाठी, हनुवटीखाली बंद असलेली टोपी दुपारसाठी. खाकी, मातकट, फिकट हिरवे रंग. गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माशी त्याच रंगांवर येते आणि कपड्यातून चावते. लष्करी छापाचे कपडे मुलाला हौसेने घेऊ नका, केनियात ते घालण्यावर बंदी आहे. कॅम्पात धुणे एका दिवसात मिळते, तीन जोड पुरतात. आतले कपडे काही कॅम्प धूत नाहीत, साबणाची वडी ठेवा.

मृण्मयी_प
किती छान माहिती! सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न. सासूबाईंना रस्त्याचा त्रास होईल का, विमानाने नेऊ का? आणि त्या शाकाहारी आहेत, अंडेही नाही.

नैरोबीकर
मृण्मयीताई, नैरोबी ते मारा नारोकमार्गे सुमारे २७० किलोमीटर, पाच-सहा तास. सेकेनानी फाटकापर्यंत आता डांबरी रस्ता आहे, पूर्वीसारखी हाडे खिळखिळी होत नाहीत. खरा त्रास अभयारण्याच्या आत, दिवसाचे आठ-नऊ तास. त्यांना चालकाच्या मागची, चाकांच्या मधली जागा द्या, मागच्या चाकावरची नाही. कंबरपट्टा आणि छोटी उशी.

विमान विल्सन विमानतळावरून सुटते, जोमो केन्याटा या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून नाही. दोन्हींच्या मध्ये शहराची वाहतूक आहे. पाऊण ते एक तासात पोहोचता. पण सामानाची मर्यादा माणशी १५ किलो, हातातल्या बॅगेसह, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत. आणखी एक: विमानाने गेलात तर तुमची गाडी माऱ्यात नसते, कॅम्पची गाडी घ्यावी लागते. सहा जणांना एक टप्पा विमानाने करायचा तर परतीचा करा, दमलेले असताना.

अवंती_जोशी
शाकाहाराची काळजी नको. केनियात गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, हॉटेलांना शाकाहारी आणि जैन जेवण माहीत आहे. चपाती तर तिथल्या रोजच्या जेवणातली, जरा जाड आणि पापुद्र्यांची. सुकुमा विकी म्हणजे पालेभाजी, घेवड्याची उसळ, मका-घेवडा. अडचण फक्त दुपारच्या डब्याची: त्यात सवयीने उकडलेले अंडे आणि कोंबडी घालतात. आदल्या रात्री किचनला 'अंडे नाही, मांस नाही, मासे नाहीत' असे वेगवेगळे सांगा. नुसते 'व्हेज' म्हटले तर अंडे येते.

बरोबर भडंग, खाकरे, गुळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, दशम्या. स्टीलच्या डब्यात. तंबूत खाणे उघडे ठेवू नका, माकडे चेन उघडतात.

स्टेथो
इन्सुलिनचे राहिले. हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासह, दुप्पट साठा दोन बॅगांत विभागून. पाण्याने थंड राहणारी पाऊच मिळते ती घ्या, उन्हातल्या गाडीत पेन ठेवू नका. मोठा धोका साखर उतरण्याचा आहे. सफारी सकाळी ६ ला निघते आणि नाश्ता ९ ला. आदल्या रात्रीचा आणि सकाळचा डोस कसा ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि निघण्याआधी काही खायला लावा. वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची वेळ त्याप्रमाणे सरकवायची का तेही विचारा.

विम्यात हवाई रुग्णवाहिका असलीच पाहिजे. माऱ्यातून गंभीर रुग्ण विमानानेच नैरोबीला नेतात. ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचे पर्यटकांसाठीचे अल्पकाळाचे सदस्यत्व मिळते. तुमच्या कॅम्पने ते आधीच घेतले आहे का विचारा, पुष्कळ कॅम्प घेतात.

गिरीश_कोल्हापूर
धाग्यात थोडे अवांतर: दिवाळीत गेले तर? मुलांची सुट्टी असते.

रानवाटा
ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठीक. त्यानंतर कळप टांझानियातल्या सेरेंगेटीकडे सरकायला लागतात आणि नोव्हेंबरात छोटा पावसाळा. सिंह, चित्ते, हत्ती बाराही महिने असतातच, त्यामुळे दिवाळी वाया जात नाही. पण शुल्क २०० च राहते. मे महिन्याच्या सुट्टीत मोठ्या पावसाची शेपटी असते, रस्ते वाईट, पण शुल्क निम्मे आणि गर्दी नाही. जूनच्या सुरुवातीला, आपल्या शाळा उघडायच्या आधी, गवत उंच पण आकाश स्वच्छ. मला तो आठवडा दिवाळीपेक्षा बरा वाटतो.

सोनचाफा
सेरेंगेटी तर शेजारीच आहे ना? एक दिवस तिकडे?

पाटीलबुवा
नकाशावर शेजारी. मारा-सेरेंगेटीची मधली हद्द पर्यटकांना बंद आहे. इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालून जावे लागते, सीमेवर गाडी आणि चालक बदलतात, टांझानियाचा व्हिसा वेगळा. एक दिवसात होत नाही, निदान तीन रात्री.

मृण्मयी_प
मग असे ठरवते: नैरोबी १, नाकुरू १, नैवाशा १, मारा ४ (फाटकाबाहेर, सेकेनानीजवळ). लँड क्रूझर. परत रस्त्याने. लस फेब्रुवारीत, आधी सासूबाईंचा निर्णय. चालकाला बक्षीस किती द्यायचे? आणि परतीचे विमान रात्रीचे आहे, त्याच सकाळी माऱ्याहून निघाले तर चालेल?

नैरोबीकर
आराखडा छान झाला, फक्त नाकुरू १, नैवाशा १ ऐवजी नैवाशालाच २ रात्री राहा आणि नाकुरू दिवसभरात करून या. एकदा कमी सामान बांधावे लागेल. नैरोबीतल्या पहिल्या दिवशी मुलांना शेल्ड्रिक या अनाथालयातल्या हत्तीच्या पिल्लांकडे न्या. भेट सकाळी ११ ते १२ एवढीच आणि आधी बुकिंग लागते, म्हणून विमान पहाटे उतरत असेल तरच.

चालकाला पूर्ण गाडीमागे दिवसाला १५ ते २० डॉलर, शेवटच्या दिवशी एकत्र, त्याच्या हातात. कॅम्पच्या माणसांसाठी पेटी असते. ५ आणि १० च्या नोटा न्या.

रात्रीचे विमान चालेल, पण सकाळी ७ ला निघा. माई माहिउच्या घाटात ट्रक बंद पडला की दोन-दोन तास गाडी हलत नाही. त्यात जोमो केन्याटावर टर्मिनलच्या आधीच सगळ्यांना गाडीतून उतरवून तपासणीतून चालत नेतात, सासूबाईंना तेवढे चालणे आहे हे धरून ठेवा. व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवा, आयत्या वेळी तिथे शोधावी लागते. विमानाच्या साडेतीन तास आधी दारात.